जिनिंगमधलं जेट

मन्या, लेका, सरळ मुद्द्यावर येतो. भाभीनं मला एक प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. तुला वावरातून घरी आणलं, अंगण माणसांनी भरलं, तेव्हा तिनं मला खुणेनं बाजूला बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "रऊफभाऊ, खरं सांगजा. थे मुद्दाम गेले काय?"

मी म्हटलं, "भाभी, काहीतरीच काय बोलता!" तिला ते पुरलं नाही. मलाही पुरलं नाही. ती आत गेली आणि भिंतीला टेकून बसली. तुझी आई रडली, तुझी पोरगी गौरी रडून रडून तापली, मी तर तुझ्या दारात सगळ्यांदेखत हंबरडा फोडला. भाभीच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. बाया तिला हलवत होत्या, "रड वं माय, रडून घे" म्हणत होत्या. ती त्यांच्याकडं नुसती पाहायची.

दुसऱ्या मुलखात हा प्रश्न कोणी विचारला नसता. विमान पडलं तर पडलं म्हणतात. पण आपल्याकडची ही वर्षंच अशी. सकाळी पेपर उघडायचा तो आज कोणत्या गावचा शेतकरी गेला हे पाहायला. फोन अवेळी वाजला की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात. कोणी वावरात पडलेला सापडला की साप चावला का, वीज पडली का, हे सगळं नंतर. पंचनाम्याला आलेला साहेब तुझ्या मोडलेल्या जेटभोवती एक चक्कर मारून मला विचारतो, "शेती यांच्या नावावर होती का?" अशी तिडीक गेली ना मस्तकात! मी म्हटलं, "साहेब, हे विमान हाये. दिसून रायलं ना तुमाले?" तो बिचारा ओशाळला. रोज तेच विचारून त्याच्या तोंडाला सवय लागली होती, त्याचा तरी काय दोष?

हे मी जरा शुद्धात लिहितोय. तू असतास तर म्हणाला असतास, "काहून बे, पुण्याले जाऊन आला काय?" असू दे. बोलीत लिहायला बसलो तर नुसत्या शिव्याच निघतील.

आपण दोघं अमरावतीच्या कॉलेजात एका बाकावर. तू अकोल्याकडच्या जिनिंगवाल्यांचा, कापसातली सरकी काढणाऱ्यांचा, पोरगा, मी डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याचा. तुझ्या कपड्यांना कायम रुईचे तंतू चिकटलेले, माझ्या हाताला डिझेलचा वास. मास्तर म्हणायचे, यांना एकत्र बसवू नका, एखाद्या दिवशी पेट घेतील. पास झाल्यावर मी बापाच्या दुकानात बसलो, तू तुझ्या बापाच्या जिनिंगमध्ये. दिवाळी नि ईद एकमेकांच्या घरी, मधल्या काळात फोनवर भांडण, असं आपलं सुखात चाललं होतं.

मग तुमचं जिनिंग बंद पडलं. कापूस येईनासा झाला, आला तर त्याला तेज नव्हतं. मी मूर्तिजापूरच्या रस्त्यानं तुला भेटायला आलो तेव्हा ते एवढं मोठं टिनाचं शेड अगदी गप्प होतं. सगळीकडं फक्त रुईची धूळ. मला वाटलं, तू कपाळाला हात लावून बसला असशील. तू तर एका मासिकातलं चित्र माझ्या नाकासमोर धरलंस. एका माणसाचं जेट विमान. बसायला एकच खुर्ची, पाठीमागं हंड्याएवढं इंजिन.

"रऊफ, हे आपण इथी बनवू."

"इथी? जिनिंगमध्ये?"

"शेड हाये, लेथ हाये, वेल्डिंग हाये. फिटर घरी बसून हायेत. आनखी काय पायजे?"

मी म्हटलं, "डोकं पायजे, मन्या." तू हसलास. तुझं ते हसणं मला चांगलं माहीत होतं. माझं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं, असा त्याचा अर्थ.

खरं सांगू? मी नाही म्हणायलाच आलो होतो आणि संध्याकाळी तुझ्याबरोबर शेडची लांबी मोजत होतो. तू माणसाला असं करायचास. इंजिन परदेशातून लाकडी पेटीत आलं, ते उघडताना तुझी आई कुंकू घेऊन उभी होती. इंधनाची सगळी व्यवस्था माझ्याकडं. नळ्या, पंप, इंधन गाळायच्या जाळ्या. ते माझं काम होतं आणि मी ते जीव लावून केलं. बाकीचं सगळं तुझं. अॅल्युमिनियमचे पत्रे तू स्वतः कापायचास. तुझे जिनिंगचे फिटर आधी गालातल्या गालात हसायचे, पण पंख उभे राहिल्यावर तेच लोक जेवायला घरी जाईनात. गावातल्या बाया डोकावून विचारायच्या, "कायवर चालते हे?" तू सांगायचास, राकेलवर. "माय वं! म्हणूनच आमाले रेशनमध्ये राकेल भेटत नाही!" ती गंमत वर्षभर पुरली आपल्याला.

आणि आपलं ते भांडण. आठवतं का? कापसाचं. तू काहीही पुसायचं झालं की खाली वाकायचास, मूठभर रुई उचलायचास आणि पुसायचास. हात, पाना, चष्मा, सगळं. तुमच्या घराण्याची रीतच ती. तुझा बाप तर जेवल्यावर तोंडसुद्धा रुईनं पुसायचा. मी सांगून सांगून थकलो, "अबे, इंजिनाच्या आसपास कापूस आणू नको. मलमलीचं फडकं घे, मी आणून ठेवलं हाये." तू म्हणायचास, "कापसानं आमच्या चार पिढ्या पोसल्या. थो काय करते बे?" मी ओरडायचो, "तंतू जाते, नळीत बसते!" तू फडकं घ्यायचास, मला दाखवून पुसायचास आणि मी अमरावतीची गाडी पकडली की पुन्हा रुई. मला ठाऊक होतं. प्रत्येक खेपेला मी आल्या आल्या जाळी उघडायचो आणि त्यात दोन-चार पांढरे केस सापडायचे. मी ते तुझ्या टेबलावर ठेवून द्यायचो. तू फुंकर मारून उडवून द्यायचास.

गावाशेजारच्या तुमच्या शेतात मुरूम टाकून, रूळ फिरवून पट्टी केली. दोन्ही बाजूंना कापूस, मधून ती तांबडी पट्टी. पहिल्यांदा इंजिन चालवलं ते तिथंच. मला वाटलं होतं, मोठा आवाज होईल. मोठा होताच, पण भलताच होता. आधी बारीक, मग चढत चढत जाणारा. बैलांनी दावी तोडली. झाडावरची पाखरं उठली ती दिवेलागणीपर्यंत खाली बसली नाहीत. शेजारच्या वावरात तण निंदणारी एक म्हातारी कानावर हात ठेवून उभी होती. इंजिन बंद केल्यावर ती म्हणाली, "बाप्पा, हे तं मयतातल्या बाईवानी रडून रायलं." सगळे हसले. तूही. माझ्या मात्र अंगावर काटा आला आणि तो मी कोणाला दाखवला नाही.

तू नागपूरला जाऊन विमान उडवायला शिकून आलास. ज्या दिवशी पहिल्यांदा उडालास तो दिवस मी मरेपर्यंत विसरायचो नाही. पट्टीवरून धूळ उठली, मला वाटलं आता कापसात शिरतंय, आणि एकदम धुळीच्या वर पांढरं काहीतरी. तू वर होतास, मन्या! जिनिंगमध्ये, तुमच्या फिटरांनी, माझ्या पंपानं! मी आयुष्यात दुसऱ्यांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. नवीन असं एकच बनवलं, ते तुझ्यामुळं. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तसली पद्धतच नव्हती. आता मानतो.

पण त्या दिवशीही एक गोष्ट झाली. तू उतरलास, लोक धावले, हार घातले. त्या गर्दीत दोघं-तिघं शेतकरी बाजूला उभे होते. त्यांतला एक माझ्याजवळ आला. पाऊस ओढ देऊन बसला होता, कापूस सुकत चालला होता. त्यानं विचारलं, "भाऊ, हे पानी पाडते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग कायले उडोते?" मी काहीतरी सांगितलं, माणूस बसतो, नागपूरला लवकर पोचतो वगैरे. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बरं," आणि आभाळाकडं पाहत निघून गेला. तुला मी हे तेव्हा सांगितलं नाही. तुझ्या गळ्यात हार होते.

मग तर काय, दिवस फिरले. पेपरात फोटो आला. वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी येऊन खुर्चीत बसून गेला, त्याचं पोट अडकलं तरी म्हणाला, पहिलं मलेच द्या. एक पुढारी आले, त्यांनी जेटला हळदकुंकू वाहिलं आणि वऱ्हाडाचं नाव आभाळात गेलं असं भाषण केलं. मुंबईच्या एका कंपनीची माणसं आली. कडक इस्त्रीचे कपडे, शेडमध्ये आल्या आल्या रुईच्या धुळीनं शिंकायला लागले. म्हणाले, अशी वर्षाला पुष्कळ बनवू, जिनिंगच्या जागी कारखाना उभा करू. तू त्यांना शेड दाखवताना तुझा चेहरा मी पाहत होतो. जेटपेक्षाही तुला ते हवं होतं, ते शेड पुन्हा चालू झालेलं. फिटरांना तू तेव्हाच सांगून टाकलंस, आता कोणी घरी बसायचं नाही. मी तुला कोपऱ्यात घेऊन म्हणालो, "कागद होऊ दे, मंग सांग." तू म्हणालास, "तू आयुष्यभर भेत राय."

हो, मी भ्यालो. मला त्या माणसांची भीती वाटली, त्या आवाजाची वाटली, एकाच खुर्चीची वाटली. दोन खुर्च्या असत्या तर मी तुझ्या शेजारी बसलो असतो. मला उलटी झाली असती, पण बसलो असतो.

कंपनीनं परवानगीचे कागद मागितले. त्या परवानगीसाठी तू किती दारं झिजवलीस ते तुलाच माहीत. एक साहेब म्हणाला, कारखाना नसताना विमान कसलं? दुसरा म्हणाला, विमान पास झाल्याशिवाय कारखाना कसला? मग कंपनीची माणसं फोन उचलेनाशी झाली. दुसरं इंजिन येणार होतं ते आलंच नाही. फिटर एकेक करून नागपूर, पुणे, सुरतेला गेले. जाताना तुझ्या पाया पडायचे आणि तू त्यांना "दिवाळीले या रे" म्हणायचास, जसं काही ते सुट्टीवर चालले होते.

त्याच सुमारास पट्टीच्या शेजारचा तो शेतकरी गेला. पाऊस पाडते काय म्हणून विचारणारा, तोच. फवारणीचं औषध प्यायला. आपण दोघं मातीला गेलो. त्याचा भाऊ लाकडं रचता रचता थांबला आणि तुझ्याकडं पाहून बोलला, "इथी मानसं मरून रायली मनोहरभाऊ, अन् तुमी आभायात उडून रायले." तू खाली मान घातलीस. मी त्याच्या अंगावर जाणार होतो, तू माझा दंड धरलास. परत येताना मी बडबड करत राहिलो, त्याला काय कळते, दुःखात माणूस काहीही बोलतो. तू मधेच म्हणालास, "खोटं काय बोलला बे थो?"

त्यानंतर तू उडाला नाहीस. जेट पट्टीजवळच्या टिनाच्या शेडात ठेवलंस. पण आठवड्यातून एकदा इंजिन चालवायचास, म्हणायचास, बंद ठेवलं तर जाम होईल. उडायचं नाही, नुसतं चालवायचं. तू एकटाच. भाभी सांगायची, संध्याकाळी तो आवाज सुरू झाला की गावातल्या बाया पोरांना घरात घेतात. एकीनं तिला तोंडावर सांगितलं, "तुमच्या घरचं रडणं आमच्या गावाले लागन." भाभीनं तुला कितीदा विनवलं, विकून टाका, मोडून टाका. तू म्हणायचास, टाकतो. मीही सांगून पाहिलं. मला त्या दिवसांत फोन वाजला की पहिलं तुझंच नाव डोक्यात यायचं. तुझाच फोन असायचा आणि तू म्हणायचास, "काय करून रायला?" आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

यंदा दसऱ्यानंतर तू अमरावतीला माझ्या घरी आलास. सोबत तुझी पान्यांची पेटी. म्हणालास, "ठेव. तुले कामी येईन." मी विचारलं, का? तर सांगितलंस, जेट कॉलेजला देऊन टाकतोय, पोरं पाहतील, शिकतील. तू खूश होतास आणि मला ते खुशीत असणंच पटेना. हिनं बिर्याणी केली होती, तू दोनदा मागून घेतलीस, माझ्या अम्मीच्या पाया पडलास. फाटकाशी मी तुला म्हणालो, "मन्या, काही डोक्शात तं नाही ना?" तू म्हणालास, "लय पेपर वाचते बे तू." आणि स्कूटरला किक मारली.

नंतर कळलं, तू त्याच दिवसांत कॉलेजच्या मास्तरांनाही भेटलास, जुन्या फिटरांच्या घरी जाऊन आलास, गौरीला अकोल्याच्या बाजारात नेऊन हवा तो ड्रेस घेऊन दिलास. आता मला सांग, लोक काय म्हणतील? जो तो तुझ्या ओट्यावर बसून हेच सांगत होता. "मलेही भेटून गेला." "माह्या घरीही येऊन गेला." सगळे मान हलवायचे आणि आत भाभी ते ऐकायची.

अवकाळी पाऊस येऊन गेला होता आणि इतक्या दिवसांनी तू पुन्हा जेट वर नेलं होतंस. सकाळी तुमच्या सालदाराचा, शेतावरच्या गड्याचा, फोन आला, तो नुसता "रऊफभाऊ, रऊफभाऊ" म्हणत होता. मी अमरावतीहून कसा आलो मला माहीत नाही. कापसात माणसांचं कडं होतं. ते फुटलं आणि तू दिसलास. मी फक्त तुलाच पाहिलं. तुझा चष्मा शाबूत होता. बाकी काही मी पाहिलं नाही आणि पाहायचंही नव्हतं.

शोकसभा जिनिंगच्या आवारात झाली. तेच पुढारी आले, हळदकुंकू वाहणारे. बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "परिस्थितीनं आणखी एक बळी घेतला. मनोहररावांनी आपली जीवनयात्रा संपवली." संपवली म्हणे! मी उठलो. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी ओरडलो, "ओ साहेब, तुमाले कोनं सांगतलं? तुमी तथी होते काय?" लोक मला खाली बसवायला लागले. एकजण कानात म्हणाला, जाऊ द्या, सगळ्यायले माहीत हाये. बायांच्या बाजूला भाभी बसली होती. ती माझ्याकडं पाहत होती. ती वाट पाहत होती, मन्या, की मी आणखी काही बोलेन. आणि माझ्याकडं बोलायला काहीच नव्हतं. कारण मलाही तेच वाटत होतं.

ते मी आज लिहून टाकतो. पेटी घेऊन तू माझ्या दारात आलास तेव्हापासून मला तेच वाटत होतं.

शोकसभेतून उठलो तो तडक शेतात गेलो. जेट होतं तसंच पडलेलं, वर ताडपत्री. मी ती ओढून काढली. विमान उलटं होऊन पडलं होतं, नाक चिखलात, पोट आभाळाकडं. मी माझ्या नळीपाशी गेलो, जाळी खोलली. तिच्यात रुईचा बोळा. दोन-चार तंतू नव्हेत, मन्या, बोळा. तंतू साचत साचत घट्ट बसलेला, राकेलनं ओला. जाळीचं भांडं तू रुईनं पुसलं असशील, नीट, प्रेमानं, कॉलेजला द्यायचं म्हणून चकचकीत केलं असशील आणि द्यायच्या आधी एकदा उडवावं म्हणून वर गेला असशील. मी तिथं चिखलात बसून तुला आईमाईवरून शिव्या दिल्या. सालदार घाबरून लांब जाऊन उभा राहिला.

म्हणजे इंजिन आपोआप बंद पडलं. पण एवढ्यानं माझं समाधान होईना. बंद पडल्यावर तू काय केलंस? हात सोडून दिलेस का? ते जाळी सांगत नव्हती.

आणि मग मला चाकं दिसली. उलट्या विमानाची, डोळ्यांसमोर, वर आलेली. इतका वेळ तिथंच होती. आपल्या जेटची चाकं पोटात जायची. त्यांना मोटर नव्हती, खुर्चीच्या डाव्या बाजूला हँडल होतं, ते फिरवत बसावं लागायचं आणि चाकं पूर्ण खाली आली की हातानं एक पिन सरकवून अडकवायची. नुसती पडायची नाहीत ती, धक्क्यानंही उघडायची नाहीत. मी पालथा पडून आत हात घातला. पिन भोकात होती. पुरती आत ढकललेली.

मी सालदाराला विचारलं, तोंड कोणीकडं होतं येताना? तो म्हणाला, पट्टीकडं. उडाल्यावर चाकं पोटात गेलेली म्या पाह्यली, लय दूर गेले नाही, आवाज बंद झाला, मंग वळून पट्टीकडंच येत होते. एक वावर कमी पडलं. एक वावर. पुढं मुरूम, इकडं पावसानं भिजलेली काळी माती. चाकं टेकली तशी रुतली आणि विमान नाकावर जाऊन उलटलं. चाकं पोटात राहिली असती तर ते कापसावरून घसरत गेलं असतं. हात-पाय मोडले असते, चार महिने पलंगावर पडून मला हुकूम सोडले असतेस.

दिवेलागणीला तुझ्या घरी पोचलो तेव्हा माझे कपडे चिखलानं भरले होते. भाभी त्याच भिंतीला टेकून होती. पाहुणे पांगले होते. गौरी आतल्या खोलीत. मी समोर खाली बसलो आणि सांगितलं, सगळं. रुईचा बोळा, हँडल, पिन. ती ऐकत होती. ती शेतकऱ्याची लेक, तिला जास्त सांगावं लागलं नाही. मी वळणापर्यंत आलो तेव्हा तीच म्हणाली, "गाऱ्यात चाकं रुतली असतीन."

"हो."

"चाकं वरतं असती तं वाचले असते?"

मन्या, मला खोटं बोलायचं होतं. पण तिच्या डोळ्यांकडं पाहून बोलता आलं नाही. म्हटलं, "वाचला असता, भाभी. बहुतेक वाचला असता."

मला वाटलं, हे सांगून मी भलतंच करून बसलो. बाहेर कोणीतरी बादली ठेवली. भाभीनं पदर सारखा केला, पुन्हा सोडला आणि मला विचारलं, "पन चाकं त्याइनंच खाली केली होती ना? सोताच्या हातानं?"

"हो. पिनसुद्धा लावली होती."

"म्हंजे घरीच येऊन रायले होते."

"हो भाभी. घरीच येत होता."

मग ती रडली, मन्या. इतकी मोठ्यानं रडली की शेजारच्या बाया धावत आल्या आणि दारातच थांबल्या. मीही रडलो. गौरी उठून बाहेर आली, तिनं आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.